कुरुळीचे पाच दिवस आणि एक लाल टब

आमच्या गावातली निवृत्त माणसं काशीला जातात, केरळला जातात, हल्ली दुबईलाही जातात. मी कुरुळीला गेले. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "कंपन्या." त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि वाटेत खायला फणसपोळी दिली.

जाण्याचं कारण वैजू. राजापूरकडच्या एका सरकारी रुग्णालयात मी एचआयव्हीच्या तपासणी केंद्रात समुपदेशक होते. रक्त काढण्याआधी माणसाशी बोलायचं आणि रिपोर्ट हातात देताना पुन्हा बोलायचं, हे माझं काम. वैजू तिथेच माझ्या हाताखाली शिकली, लग्न होऊन चाकणकडे गेली आणि आता कुरुळीत एका छोट्या संस्थेचं काम करते. कंपन्यांत कामाला आलेल्या मुलींच्या खोल्यांवर जायचं आणि ज्या गोष्टी त्यांना घरी कोणी सांगत नाही त्या सांगायच्या. तिचा फोन आला, "मॅडम, पाच दिवस या. तुमच्यासारखं बोलणं मला अजून जमत नाही." हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला शिडी लागत नाही. मी बॅग भरली.

मंगळवार, चुकून निघोजे

रात्रभर एसटीत बसून सकाळी नाशिक फाट्याला उतरले. वैजूने सांगितलं होतं, "चाकणकडे जाणारी कुठलीही बस धरा आणि कुरुळी फाट्याला उतरा." फाट्यावर एक पांढरी बस उभी होती. विचारलं, "चाकण?" ड्रायव्हर म्हणाला, "बसा मावशी." तिकीट मागायला कोणी आलं नाही. इथे बायकांचा प्रवास अगदीच फुकट झालेला दिसतोय, असं मनाशी म्हणत मी खिडकीला डोकं टेकलं आणि झोपून गेले. मोशी गेली, इंद्रायणी गेली, कुरुळी फाटाही गेला.

जाग आली तेव्हा शेजारी निळ्या शर्टातली एक मुलगी बसलेली. केसांवर स्कार्फ, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर डबा. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही कॅन्टीनला नवीन लागलात का?"

बस कंपनीची होती. जनरल शिफ्टची. इथे रस्त्यावर धावणाऱ्या निम्म्या बसगाड्या कंपन्यांच्या असतात आणि सगळ्या एकाच मापाच्या पांढऱ्या, हे आमच्या कोकणातल्या लाल एसटीवर वाढलेल्या माणसाला कोण सांगणार? बस निघोज्याच्या एका कंपनीच्या दारात थांबली. रखवालदाराने माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सेफ्टी शूज कुठंयत?" मी म्हटलं, "बाबा रे, मला आतच यायचं नाही." त्याने तरीही वहीत माझं नाव लिहून घेतलं. 'कोणाला भेटायचं' या रकान्यात काय लिहावं ते त्यालाही सुचेना.

माझी सुटका त्या निळ्या शर्टातल्या मुलीनेच केली. मी वैजूचं नाव घेताच तिने स्वतःच्या फोनवरून तिला फोन लावला. "वैजूताई, तुमच्या मॅडम आमच्या गेटवर हायत. कामाला लागायच्या आत घेऊन जावा." जाताना म्हणाली, "मी मुस्कान. उद्या खोलीवर येते बघा मी पण. तुमच्याकडं एक काम हाय." डोळे हसरे होते, पण 'काम' म्हणताना तिचा आवाज खाली आला. असा खाली आलेला आवाज मी टेबलापलीकडून वर्षानुवर्षं ऐकला आहे. वैजूच्या स्कूटरवर मागे बसून परत येताना तोच डोक्यात होता.

बुधवार, खोलीवर

कुरुळी हे गाव आहे की वसाहत, हे मला पाच दिवसांत नीट ठरवता आलं नाही. एका बाजूला कांद्याचं वावर, त्याला लागून तीन मजली खोल्यांची चाळ आणि चाळीच्या पुढे नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेऊन उभा असलेला लांबलचक ट्रेलर. आमच्याकडे एका घरात दोन म्हातारी माणसं आणि बारा रिकाम्या खुर्च्या असतात. इथे एका खोलीत सहा मुली राहतात आणि खुर्ची एकही नाही. लातूरच्या, परभणीच्या, बीडच्या. बाहेर चपलांचा ढीग असा, की निघताना आपलीच चप्पल मिळाली तर नशीब समजायचं.

संध्याकाळी सहाला चौदा मुली जमल्या. मी माझा जुना तक्ता उघडला. त्यावर खंगलेल्या माणसाचं चित्र होतं. परभणीची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे चित्र कधीचं हाय? असा माणूस आला तर आम्ही त्याला आधी जेवायला घालू." सगळ्या हसल्या. खरं तर मुद्दा तोच होता. असं दिसणारं कोणी आता सहसा भेटत नाही. ज्याला एचआयव्ही आहे तो तुमच्या-माझ्यासारखाच दिसतो. नुसतं बघून कळत नाही, हे मी दोन-तीन प्रकारे सांगितलं. मुली ऐकत होत्या, पण ऐकणं आणि पटणं यांत अंतर असतं.

तेवढ्यात मुस्कान उठली. ती क्वालिटीत आहे, म्हणजे मशीनवरून आलेला प्रत्येक पार्ट तपासायचं तिचं काम. म्हणाली, "अगं, पार्ट नुसता बघून पास करतेस का तू? वरनं चकचकीत दिसतो, मापाचा गेज लावला की कळतं. सप्लायरनं किती पण चांगलं सर्टिफिकेट दिलं, तरी आल्यावर आपण तपासतोच ना? का? तो चोर हाय म्हणून? न्हाई. तपासायची पद्धत हाय म्हणून."

खोलीत एकदम उजेड पडल्यासारखं झालं. मी वीस वर्षं जे पटवत होते ते या पोरीने एका दमात पटवलं. मला राहवेना. मी म्हटलं, आपण खेळच करू. मुलींनी हिरवी बादली, पिवळं घमेलं आणि कपडे भिजवायचा लाल टब आणला. कंपनीत तसेच तीन रंगांचे डबे असतात: हिरव्यात पास झालेले, पिवळ्यात थांबवून ठेवलेले, लालमध्ये भंगार. मी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या. तपासणी केली, संसर्ग नाही: हिरवी बादली. तपासणीच केली नाही, किंवा कंडोमशिवाय संबंध आल्याला अजून तीन महिने व्हायचेत, तोवर तपासणीत नक्की कळत नाही: पिवळं घमेलं, पुन्हा तपासा. संसर्ग आहे: लाल टब. मुली भराभर चिठ्ठ्या टाकत होत्या, ओरडत होत्या, भांडत होत्या. मी एखाद्या सेनापतीसारखी मध्ये उभी. वैजू मात्र दारापाशी गप्प बसलेली. मला वाटलं, दमली असेल.

सगळ्या गेल्यावर मुस्कान थांबली. तिची मंगनी झाली आहे. मुलगा सोहेल, महाळुंग्याच्या एका कंपनीत फिटर. लग्नाआधी दोघांनी रक्त तपासावं असं तिच्या मनात आहे.

"काही ऐकलंयस का त्याच्याबद्दल?" मी विचारलं.

"न्हाई ना. ऐकलं असतं तर सोपं होतं. चांगला हाय तो. चांगल्या माणसाला कसं विचारायचं? त्यानं म्हटलं, तुला माझ्यावर शक हाय, तर? अब्बांच्या कानावर गेलं तर? मंगनी मोडली तर माझ्या मागं दोन बहिणी हायत." मग म्हणाली, "आमच्यात निकाहाच्या आधी मुलीला शर्त घालता येते, मॅडम. पण घालते कोण?"

मी तिला एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते. जगभर मुलींना या आजारापासून जपायचं म्हणून काय काय चाललेलं असतं. कुठे रोजची गोळी, कुठे काही महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, कुठे आमच्यासारख्याच खोल्यांत भरणारे मुलींचे गट. ते सगळं हवंच. पण माझ्या टेबलासमोर बसून रडलेल्या बहुतेक बायकांनी आयुष्यात एकच धाडस केलं होतं, आणि ते म्हणजे लग्न. त्यांच्यातल्या एकीलाही आधी विचारायची सोय नव्हती. मुस्कानला ती होती. मी म्हटलं, "विचार. तुझी पण तपासणी कर म्हणजे शंकेचा प्रश्नच राहत नाही. आणि हो, ते गेजचंच सांग. तोही कंपनीतलाच आहे." स्वतःवर इतकी खूश मी निवृत्तीच्या समारंभातसुद्धा नव्हते.

गुरुवार, म्हणजे इथला रविवार

या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी भोंगे वाजतात आणि गुरुवारी माणसं बाजारात जातात, दाढी करतात, लग्नं लावतात. दोन दिवसांत मीसुद्धा वार विसरले.

वैजूच्या घरमालकीण शांताबाई कुरुळीच्याच जुन्या. दुपारी त्यांनी मला आणि वैजूला मासवडीचं जेवण सांगितलं. तीन दिवस शाकाहारावर असलेली मी कोकणी बाई. आंघोळ करून, भूक राखून पाटावर बसले. ताटात बेसनाच्या वड्या आणि झणझणीत रस्सा. आत तीळ, खोबरं, लसूण, कांदा. मासा कुठेच नाही. मी वडी उलटीपालटी करून पाहिली तसं शांताबाईंना उमजलं. "नावालाच मासा हाय ग बाई. आमच्या हिथं समिंदर कुठनं यायचा?" पण खाऊन बघितलं आणि माझी तक्रार संपली. बाजरीच्या भाकरीबरोबर मी पाच वड्या खाल्ल्या. गावाकडच्यांनी हे वाचलं तर मला बाटलेली समजतील.

हात धुवत होते तेवढ्यात मुस्कान आली. हातात फोन, चेहरा उतरलेला. तिने काल रात्रीच सोहेलला फोनवर गेजचं आणि आमच्या तीन रंगांच्या खेळाचं सांगितलं होतं. तो हसला होता, करू म्हणाला होता. आज दुपारी त्याचा मेसेज आला. तिने तो माझ्यापुढे धरला.

'आणि माझा लाल निघाला तर? मला पण भंगारात टाकणार का?'

मी ते वाचलं आणि हातातला टॉवेल तसाच राहिला. लाल टब माझा होता. संसर्ग असलेल्या माणसाची चिठ्ठी मी, वीस वर्षं हेच काम केलेल्या बाईने, चौदा मुलींसमोर हसत हसत भंगारात टाकायला लावली होती. पार्ट बाद होतात. माणूस बाद होत नाही, हे सांगायचाच तर मला पगार मिळत होता.

"मॅडम, काल मीच बोलायला हवं होतं," वैजू हळूच म्हणाली. "त्या खोलीत एक जण स्वतः रोज एचआयव्हीची गोळी घेते. कोण, ते विचारू नका. तिनेही एक चिठ्ठी लालमध्ये टाकली."

मला रडू आलं. शांताबाईंना वाटलं रस्सा तिखट झाला, म्हणून त्यांनी गुळाचा खडा आणून दिला. मी तो खाल्ला आणि मुस्कानला म्हटलं, "सोहेलला सांग, उद्या भेटू. त्याला उत्तर मी देते. चूक माझी आहे." मुस्कानने मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं दिसेना.

संध्याकाळी मी पुन्हा खोलीवर गेले. लाल टब मध्ये ठेवला आणि म्हटलं, "काल मी चुकले." मोठ्या बाईने असं म्हटलेलं मुलींनी फारसं ऐकलेलं नसावं; सगळ्या सावरून बसल्या. मग मी साध्या शब्दांत सांगितलं. तपासायचं ते टाकून द्यायला नाही, उपचार वेळेवर सुरू व्हावेत म्हणून. रोज गोळी घेतली की विषाणू इतका दबतो की तपासणीतही सापडत नाही, आणि तसा दबलेला राहिला तर संबंधातून जोडीदाराकडे जात नाही. औषध नीट चालू असलं तर बहुतेक मुलंही संसर्गाशिवाय जन्मतात. कंपनीत कामाला येता येतं, लग्न करता येतं, म्हातारं होता येतं. "तर मग हा टब कशाला ठेवायचा?" मी विचारलं.

"भेळ करू," परभणीची म्हणाली.

टब दोनदा घासला. कोणी चुरमुरे आणले, कोणी फरसाण, चाकणचे कांदे तर दारातच होते. आणि आम्ही सगळ्या त्या लाल टबाभोवती बसून हातानेच भेळ खाल्ली. गोळी घेणारी मुलगी त्यातच कुठेतरी होती. माझ्या हाताला लागून कोणाचा हात टबात जात होता ते मी बघितलं नाही.

शुक्रवार, गॅरेज

मंगनी झालेल्या मुलामुलीने एकटं भेटायचं नाही, म्हणून भेट ठरली मुस्कानच्या वडिलांच्या गॅरेजात. निमित्त सोहेलच्या मोटरसायकलच्या ब्रेकचं. शेखचाचांचं गॅरेज कुरुळी फाट्याजवळ. त्यांचे वडीलही तिथेच पंक्चर काढायचे. मुस्कान म्हणाली, अब्बा असरची नमाज पढायला गेलेत, ते यायच्या आत बोलून घेऊ.

सोहेल बारीक अंगाचा, लाजरा. नजर ब्रेकवरच. मी सरळ विषयाला हात घातला. टबाची माझी चूक सांगितली, गोळीचं सांगितलं, दबलेल्या विषाणूचं सांगितलं. तो मान हलवत होता. मग म्हणाला, "ते समजलं, मॅडम. तुम्ही शिकलेल्या हायत, तुम्ही तसंच म्हणणार. मला हिच्याकडनं ऐकायचं होतं."

मुस्कानने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग एकदम म्हणाली, "तुमचा लाल आला, तर गोळीची वेळ मी ध्यानात ठेवीन. तुमची शिफ्ट फिरती हाय, तुमच्या ध्यानात न्हाई राहायची." आणि पाठोपाठ, "आणि माझा आला, तर?"

सोहेलने पहिल्यांदा मान वर केली. दोन दिवस तो स्वतःच्याच रिपोर्टाचा विचार करत होता. हा प्रश्न त्याच्या डोक्याला शिवलेलाच नव्हता, हे स्पष्ट दिसलं. रस्त्यावरून दोन ट्रेलर गेले. मग म्हणाला, "तर मग मी ध्यानात ठेवीन. अलार्म लावीन. दोन लावीन."

"दोन कशाला? एकानं उठत न्हाईस व्हय?"

हा आवाज आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. तो शेजारच्या टेम्पोखालून आला. मी वाकून पाहिलं तर आधी पाय दिसले, मग सरपटत शेखचाचा बाहेर आले. हाताला ग्रीस, कपाळाला ग्रीस. ते आज आधी टेम्पोखाली गेले होते, नमाजला नंतर जाणार होते. सगळं ऐकलेलं.

मुस्कानचा चेहरा पांढरा पडला. दोन बहिणी, मोडलेली मंगनी, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं असणार. चाचांनी फडक्याने सावकाश एकेक बोट पुसलं. मग सोहेलला म्हणाले, "पस्तीस वर्सं झाली मला ह्या धंद्यात. लोकं गाडी तपासायला आणत्यात. आमी काय ती भंगारात घालायला तपासतो व्हय? चालवायची असती म्हणून तपासतो." मग लेकीकडे वळले. "आणि तू. बापाला सोडून जगाला सांगितलंस. मी काय म्हणलो असतो?"

"न्हाई म्हणला असता," मुस्कान पुटपुटली.

चाचांनी विचार केला. "म्हणलो असतो," ते म्हणाले. "पण दोन दिसांनी व्हय म्हणलो असतो. जा, उद्याच जाऊन या दोघं. ह्या मॅडम असत्याल संगं." आणि चहा सांगितला. चहाबरोबर खारी आली. माझ्या कपावर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. मी तो पुसला नाही.

शनिवार, बाकावर

सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते आणि रिपोर्ट ज्याचा त्यालाच मिळतो. मुस्कानने अर्धी सुट्टी टाकली होती, सोहेल रात्रपाळी करून थेट आला होता. आधी ती आत गेली, मग तो. मी बाहेर बाकावर बसले. इतकी वर्षं मी टेबलाच्या आतल्या बाजूला होते. बाहेर बसून वाट बघणं केवढं अवघड असतं, ते पहिल्यांदाच कळलं. वहिनींची फणसपोळी पिशवीत होती, ती सगळी मीच संपवली.

तासाभराने दोघांना आपापले कागद मिळाले. ते आवारातल्या कडुलिंबाखाली गेले, समोरासमोर उभे राहिले आणि कागदांची अदलाबदल केली. एखादा मिनिट वाचलं. मग सोहेलने खिशातून फोन काढला, मुस्कान काहीतरी म्हणाली आणि दोघंही हसायला लागले. मी नजर दुसरीकडे वळवली. माझं काम बाकापर्यंतच होतं.

संध्याकाळी मुस्कान मला नाशिक फाट्यापर्यंत सोडायला आली. लाल एसटीत चढवून देताना म्हणाली, "बघा हां, ही कंपनीची न्हाई." फाट्याकडे येताना इंद्रायणी या खेपेला जागेपणी पाहिली होती. तिच्या काठाला कांद्याची रोपं होती आणि त्यामागे कंपन्यांचे पत्रे चमकत होते.

घरी आल्यावर मी हे सगळ्यांना सांगते, आणि प्रत्येक जण शेवटी एकच विचारतो, "मग रिपोर्ट काय आला?" वहिनींनी तर तीनदा विचारलं. मी विचारला नाही, त्यांनी सांगितला नाही, आणि कळला असता तरी मी सांगितला नसता. परवा पोस्टाने एक कार्ड आलं, हिरवं, सोनेरी किनारीचं. आता कोणी विचारलं की मी तेच हातात देते. आत दोघांची नावं आहेत आणि निकाहाचा वार आहे. गुरुवार.